इराण, ऑगस्ट १९४१ : तटस्थ देश चार दिवसांत कसा घेतला? तेलासाठी की रेल्वेसाठी?

तटस्थ_वाचक :

नमस्कार मंडळी. दुसऱ्या महायुद्धात तटस्थ देशांवर झालेल्या आक्रमणांबद्दल वाचतोय. नॉर्वे, बेल्जियम, हॉलंड यांच्याबद्दल भरपूर मिळतं. १० मे १९४० ला ब्रिटिशांनी आइसलंड ताब्यात घेतलं, तेही ठाऊक आहे. पण २५ ऑगस्ट १९४१ ला ब्रिटन आणि सोव्हिएत रशियानं मिळून इराणवर केलेल्या चढाईबद्दल मराठीत एकदोन ओळींपलीकडे काही सापडत नाही. वास्तविक दक्षिण आणि पश्चिम आघाडीवरचं बहुतेक पायदळ हिंदुस्थानी होतं.

माझे प्रश्न असे :

१) इराणनं ४ सप्टेंबर १९३९ लाच तटस्थता जाहीर केली होती. मग चढाईचं खरं कारण कोणतं? तिथले जर्मन, आबादानचं तेल की रशियाला माल पोचवायची रेल्वे?

२) सव्वा लाखाची फौज असलेला देश चार दिवसांत कसा पडला?

३) कायद्याच्या दृष्टीनं याला काही आधार होता का?

४) रेल्वे हाती आल्यावर ती लगेच कामाला लागली का?

तपशील हवेत, ठिकाणांची नावं हवीत. वेळ काढून लिहाल तर आभारी राहीन.

---

करारनामा :

पहिला आणि तिसरा प्रश्न एकत्र घेतो, कारण कारण लपवल्यामुळेच कायद्याचा घोळ झाला.

तारखा आधी पाहा. २२ जून १९४१ ला जर्मनीनं रशियावर हल्ला केला. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत ब्रिटनला इराणमध्ये फक्त तेलाची काळजी होती. आबादानचा कारखाना अँग्लो-इराणियन या ब्रिटिश तेल कंपनीचा, त्या काळातला जगातला सगळ्यात मोठा तेलशुद्धीकरण कारखाना. भूमध्य समुद्रापासून सिंगापूरपर्यंतच्या ब्रिटिश आरमाराचं इंधन मुख्यतः इथून जायचं. पण ते तेल ब्रिटनला मिळतच होतं, त्यासाठी देश ताब्यात घ्यायची गरज नव्हती. २२ जूननंतर चित्र पालटलं. रशियाला माल पोचवायचा तर वाटा तीनच : उत्तरेचा आर्क्टिक समुद्र, पॅसिफिकवरून व्लादिवोस्तोक आणि इराण. आर्क्टिकच्या वाटेवर जर्मन पाणबुड्या आणि विमानं टपलेली. पॅसिफिकच्या वाटेवर जपान, आणि डिसेंबरनंतर तर तिथून शस्त्रास्त्रं न्यायची सोयच उरली नाही. बारा महिने बर्फ न लागणारी आणि शत्रूच्या टप्प्याबाहेरची वाट इराणचीच.

आता इराणला दिलेली पत्रं बघा. १९ जुलै आणि १६ ऑगस्ट, दोन्हींत मागणी एकच : जर्मन तंत्रज्ञ आणि व्यापाऱ्यांना देशाबाहेर काढा. ब्रिटिश बाजूनं दोन-तीन हजारांचे आकडे पुढे केले जात, इराण सरकारच्या हिशेबात ते सातशेच्या आत होते. या पत्रांत रेल्वेनं माल न्यायची परवानगी कुठेही मागितलेली नाही. जी गोष्ट खरोखर हवी होती ती मागितलीच नाही, त्यामुळे इराणला ‘हो’ म्हणायची संधीही मिळाली नाही. मला यातली सगळ्यात गंभीर गोष्ट हीच वाटते.

ती का मागितली नसावी? १९०७ च्या पाचव्या हेग करारानुसार लढणाऱ्या देशाला तटस्थ भूमीवरून सैन्य किंवा दारूगोळ्याचे तांडे नेता येत नाहीत, आणि तटस्थ देशानं ते नेऊ देता कामा नये. व्यापारी माल म्हणून शस्त्रं देशातून जाऊ देण्याला त्याच करारात मुभा आहे. पण इथे परक्या लष्करी देखरेखीखाली, वर्षानुवर्षं, लाखो टन माल जाणार होता. इराणचा बादशहा रझा शाह यानं त्याला संमती दिली असती तर जर्मनीच्या दृष्टीनं इराणची तटस्थता तिथेच संपली असती. त्या उन्हाळ्यात जर्मन फौज कॉकेशसपर्यंत येईल अशी भीती सगळ्यांनाच होती, त्यामुळे तो धोका शाहनं पत्करला असता असं मला वाटत नाही.

रशियानं मात्र कागद काढला : २६ फेब्रुवारी १९२१ चा मैत्री करार, कलम सहा. तिसऱ्या कुणी इराणच्या भूमीचा रशियाविरुद्ध तळ म्हणून वापर केला आणि इराणला ते रोखता आलं नाही, तर रशियाला सैन्य आणता येईल, असं ते कलम. वाचताना भक्कम वाटतं. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रशियाच्या तेहरानमधल्या राजदूतानं लेखी खुलासा दिला होता की हे कलम उलथून टाकलेल्या झारशाहीच्या पाठीराख्यांपुरतंच आहे. म्हणजे १९४१ ला ते लागू करणं ओढूनताणूनच होतं. ब्रिटनकडे तर तेवढाही कागद नव्हता.

आणखी एक तारीख. ब्रिटन-अमेरिकेनं अटलांटिक सनद, म्हणजे प्रत्येक देशाला आपलं सरकार निवडायचा हक्क मानणारं निवेदन, जाहीर केलं १४ ऑगस्टला. अकरा दिवसांनी ही चढाई. शाहनं त्याच दिवशी रूझवेल्टना तार करून सनदेतल्या तत्त्वांची आठवण दिली. उत्तर आलं २ सप्टेंबरला, तोवर सगळं आटोपलं होतं.

हिंदुस्थानशी संबंध केवळ सैनिकांपुरता नाही. जुलैत वेव्हेल हिंदुस्थानचे सरसेनापती झाले आणि आल्याआल्या त्यांनी लंडनला कळवलं की इराणमधून जर्मनांना हटवणं हिंदुस्थानच्या संरक्षणासाठी अत्यावश्यक आहे. इराकमधली फौजही त्यांच्याच अखत्यारीत होती. म्हणजे या मोहिमेमागचा एक मोठा रेटा इथलाच होता.

---

दर्यावर्दी :

दक्षिणेचं लिहितो. या चढाईत खरी कौशल्याची कामगिरी पाण्यावर झाली आणि तिच्याबद्दलच सगळ्यात कमी लिहिलं जातं.

अडचण अशी होती की जे जिंकायचं ते फुटता कामा नये. आबादानला नदीकाठी तेलाच्या टाक्या, नळ, भट्ट्या. तिथे तोफा डागून शिरलात तर ज्यासाठी आलात तेच पेटणार. म्हणून बेत असा ठरला : २४ ची रात्र ते २५ ची पहाट, आठव्या हिंदी डिव्हिजनची चोविसावी ब्रिगेड बसऱ्याहून होड्यांत बसून शत-अल-अरब या सरहद्दीवरच्या नदीतून खाली येईल आणि पहाटे चारच्या सुमारास थेट कारखान्याच्या धक्क्यांवर उतरेल. भारी मारा नाही, बंदुका आणि संगिनी. अठरावी ब्रिगेड त्याच वेळी वाळवंटातून वळसा घालून खुर्रमशहरवर मागच्या बाजूनं येईल.

पहिला तोफगोळा सुटला चार वाजून दहा मिनिटांनी. ‘शोरहॅम’ या ब्रिटिश नौकेनं आबादानला नांगरलेली इराणची ‘पलंग’ बुडवली. खुर्रमशहरला ऑस्ट्रेलियाच्या ‘यारा’नं ‘बब्र’ला धक्क्यालाच गाठलं. (पलंग म्हणजे बिबट्या, बब्र म्हणजे वाघ. इराणच्या आखाती आरमारातली हीच दोन मोठी जहाजं.) इराणचे नौदलप्रमुख बायंदर त्याच सकाळी किनाऱ्यावर प्रतिकाराची जुळवाजुळव करताना मारले गेले. ते शूर आणि आदरणीय अधिकारी होते, हे ब्रिटिश बाजूनंही मान्य केलं.

एक लक्षात घ्या, ब्रिटिश आणि रशियन राजदूत पंतप्रधान अली मन्सूर यांच्या घरी पत्र घेऊन पोचले तेही पहाटे चारच्या सुमारासच. जहाजांवरच्या खलाशांना युद्ध सुरू झाल्याचं तोफेच्या आवाजानंच कळलं.

आता बंदर शाहपूर, आजचं बंदर इमाम खोमेनी. रेल्वेचं दक्षिण टोक हे. इथे पाच जर्मन आणि तीन इटालियन व्यापारी जहाजं आसऱ्याला होती. जर्मन जहाजं एकाच हान्सा कंपनीची आणि नावं सगळी ‘फेल्स’वर संपणारी : होहेनफेल्स, मारीनफेल्स, स्टुर्मफेल्स, व्हाइसेनफेल्स, विल्डेनफेल्स. ही जहाजं हवी होती, कारण जहाजांचा तुटवडा होता. ती धक्क्यात किंवा खोर मुसाच्या चिंचोळ्या खाडीत बुडवली गेली असती तर बंदर अडकून पडलं असतं, हा दुसरा धोका.

ऑस्ट्रेलियाची ‘कनिम्ब्ला’ बलूच रेजिमेंटच्या दोन कंपन्या घेऊन निघाली, सोबत रॉयल इंडियन नेव्हीची ‘लॉरेन्स’ आणि काही छोट्या नौका. रात्री दिव्यांशिवाय लांबलचक खाडीत वर जायचं आणि पहाटे सगळ्या जहाजांवर एकदम चढायचं. जर्मन खलाशांनी आधीच तयारी ठेवलेली : इंजिनखोलीत स्फोटकं, पेटवायला तेलानं भिजलेला माल आणि तळाच्या झडपा उघडून पाणी आत घ्यायची व्यवस्था. अशा जहाजावर चढणाऱ्याच्या हातात मिनिटं असतात. सरळ खाली इंजिनखोलीत धावायचं, झडपा बंद करायच्या, स्फोटकांच्या वाती तोडायच्या, मग आगीकडे वळायचं. हा क्रम चुकला, आधी डेकवरची आग विझवत बसलात, की जहाज खालून भरत जातं. होहेनफेल्समध्ये पाणी इतकं शिरलं की तिला ढकलून उथळात चिखलावर बसवावं लागलं, पुढे ती पुन्हा तरंगवली. व्हाइसेनफेल्स मात्र आतून पेटली आणि गेली. आठपैकी सात वाचली.

हे सविस्तर लिहिण्याचं कारण गोवा आहे. त्याच हान्सा कंपनीची एहरेनफेल्स, ब्राउनफेल्स आणि ड्राखेनफेल्स ही जहाजं आणि ‘अन्फोरा’ हे इटालियन जहाज मुरगावला आसऱ्याला होतं. गोवा पोर्तुगालचा, पोर्तुगाल तटस्थ. तिथे ब्रिटननं सैन्य उतरवलं नाही. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्सचे नेहमीच्या लष्करी सेवेत नसलेले लोक एका बार्जमधून गेले, जेणेकरून ‘ब्रिटिश फौजेनं तटस्थता मोडली’ असं म्हणता येऊ नये. तिथे चारही जहाजं खलाशांनी स्वतःच बुडवली. दोन ठिकाणचा फरक पाहण्यासारखा आहे. पोर्तुगालकडून ब्रिटनला अझोर्स बेटांवर तळ हवे होते आणि ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १३७३ च्या जुन्या कराराचा आधार घेऊन संमतीनं मिळाले. इराणकडून जे हवं होतं ते उचलून घेता येण्यासारखं होतं.

---

घाटवाट :

पश्चिमेकडचं आणि ‘चार दिवसांत का’ हे माझ्याकडे.

इराकमधल्या खानकीनहून केरमानशहाकडे जाणारा रस्ता पाईताक खिंडीतून चढतो. साधारण तीन हजार फुटांची उभी भिंत आणि तिच्यावर नागमोडी रस्ता. वर तोफा असल्या तर खालून येणाऱ्याचा एकेक ट्रक टिपता येतो. या बाजूला दहावी हिंदी डिव्हिजन आणि तिचे सेनापती विल्यम स्लिम, पुढे ब्रह्मदेशात गाजलेले. त्यांच्याकडचे रणगाडे हलके, जाड चिलखत नसलेले. सोबतच्या ब्रिटिश चिलखती ब्रिगेडकडे बहुतांश ट्रकच होते.

स्लिमनी खिंडीवर सरळ चढाई केली नाही. एक तुकडी खिंडीच्या पायथ्याशी दिसेल अशी ठेवली, वरच्या मोर्चांवर विमानांतून बॉम्ब टाकले, आणि दुसरी तुकडी दक्षिणेकडून गिलान-ए-गर्बच्या वाटेनं वळवून खिंडीच्या मागे शाहाबादकडे पाठवली. मागचा रस्ता तुटणार असं दिसताच इराणी फौजेनं २६-२७ च्या रात्री खिंड सोडली. नफ्त-ए-शहाची तेलविहीर पहिल्याच दिवशी हाती आली होती. २८ ला सकाळी पुढच्या टेकड्यांवर तोफा चालू असताना पांढरं निशाण लावलेली मोटार आली.

उत्तरेकडून रशियाची फौज कितीतरी मोठी. सेनापती कोझलोव्हच्या हाताखाली सत्तेचाळिसावी आर्मी जुल्फाहून तबरीझकडे, चव्वेचाळिसावी कॅस्पियनच्या काठानं अस्ताराहून रश्त-पहलवीकडे. दोन दिवसांनी मध्य आशियातून तिसरी फौज मशहदच्या दिशेनं आली. विमानांनी उत्तरेकडच्या शहरांवर बॉम्ब टाकले.

इराणी फौज का कोसळली? ‘सैनिक लढले नाहीत’ असं सरसकट म्हणणं अन्यायाचं आहे. खुर्रमशहर, आबादान, गिलानचा रस्ता, इथे ते लढले. रचनेतच दोष होते. नऊ डिव्हिजन, पण देशभर विखुरलेल्या. त्या उभारल्या होत्या देशातल्या भटक्या टोळ्यांवर वचक ठेवायला, सरहद्द धरायला नव्हे. चांगले झेक रणगाडे होते पण बव्हंशी तेहरानला. विमानं ‘हॉकर’ची जुनी दुपंखी. आणि सगळे निर्णय एका माणसापाशी, शाहपाशी. त्याच्या हुकमाशिवाय पूल उडवायचाही अधिकार कुणाला नव्हता.

२७ ला मन्सूर गेले, फरूघी पंतप्रधान झाले आणि २८ ला युद्धबंदी. त्यानंतर मोठी चूक झाली. ३० ऑगस्टला काही सेनापतींनी सक्तीच्या भरतीचे सैनिक घरी सोडायचा हुकूम काढला. तेहरानच्या बराकी रिकाम्या झाल्या, पोरं उपाशी, पायी आपापल्या गावांकडे निघाली. शाहला कळलं तेव्हा त्यानं त्या अधिकाऱ्यांना स्वतः मारहाण केली, पण फौज परत जमणार नव्हती. तडजोडीच्या बोलण्यात ज्याच्या जोरावर काही मागता आलं असतं ते हातातून गेलं. १६ सप्टेंबरला शाहनं गादी सोडली, एकवीस वर्षांचा मोहम्मद रझा शाह झाला, दुसऱ्या दिवशी दोन्ही फौजा तेहरानमध्ये.

ब्रिटिश-हिंदी बाजूचे मृत पंचवीसच्या आत. इराणी मृत काहीशे, त्यात सामान्य नागरिकही.

पदच्युत शाहचा मुंबईशी एक दुवा आहे. त्याला ‘बांद्रा’ नावाच्या जहाजावर बसवून आणलं ते मुंबई बंदराच्या बाहेरपर्यंत. त्याला काही दिवस मुंबईत राहून पुढे दक्षिण अमेरिकेत जायचं होतं. किनाऱ्यावर पाऊल ठेवू दिलं नाही. हिंदुस्थान सरकारचे अधिकारी स्क्राइन जहाजावर गेले आणि ‘मॉरिशसला जायचंय’ एवढंच सांगितलं. दुसऱ्या जहाजावर चढवून त्याला मॉरिशसला नेलं. पुढे जोहान्सबर्गला २६ जुलै १९४४ ला तो वारला.

---

रूळजोड :

चौथा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण चढाई चार दिवसांची आणि रेल्वे नीट चालायला दीड-दोन वर्षं लागली.

आधी रेल्वे काय होती ते. बंदर शाहपूरपासून अहवाझ, अंदीमेश्क, दोरूद, कुम, तेहरान आणि तिथून एल्बुर्झ पर्वत ओलांडून कॅस्पियनवरच्या बंदर शाहपर्यंत १,३९४ किलोमीटर, एकेरी रूळ. १९३८ ला पुरी झाली. परदेशी कर्ज न काढता, साखर आणि चहावरच्या कराच्या पैशातून बांधलेली. म्हणजे गरीब माणसानं चहाच्या प्रत्येक पेल्यामागे तिचे पैसे भरले होते. २२४ बोगदे, त्यांतले अकरा पिळाचे, म्हणजे डोंगराच्या पोटात गोल फिरून गाडी आपल्याच रुळाच्या वर निघते. उत्तरेकडच्या घाटात चढ ३६ ला १, आपल्या बोरघाटाच्या ३७ ला १ च्या जवळपास तेवढाच, फक्त तो कितीतरी लांबवर चालतो आणि दोन हजार मीटरच्या वर जातो.

अडचणी क्रमानं सांगतो.

बंदर. बंदर शाहपूरला १९४१ मध्ये एकच धक्का. जहाजं आखातात आठवडेच्या आठवडे नांगरून राहायची. धक्क्यावर माल उतरला तरी तो हलवायला वाघिणी नाहीत, म्हणून धक्का भरलेला, म्हणून पुढचं जहाज बाहेर. ‘रेल्वेची क्षमता’ म्हणताना लोक फक्त इंजिनं मोजतात, पण अडतं ते धक्का, यार्ड आणि वाघीण परत येण्याचा वेळ यांत. त्यावर इलाज म्हणून धक्के वाढवले, खुर्रमशहर मोठं केलं आणि अहवाझहून तिथवर रेल्वेचा फाटा टाकला.

गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. इराणची रेल्वे १,४३५ मिलिमीटरची. हिंदुस्थानची ब्रॉडगेज १,६७६ ची, त्यामुळे इथली इंजिनं आणि वाघिणी उचलून तिथे नेण्याचा प्रश्नच नव्हता. रशियाची गेज तिसरीच. जुल्फा ते तबरीझ हा रशियन गेजचा तुकडा होता, पण तेहरान-तबरीझ रूळच नव्हते, ते १९५८ ला आले. म्हणजे नकाशावर ‘आखातातून रशियापर्यंत रेल्वे’ दिसते ती प्रत्यक्षात नव्हती. तेहरानच्या पुढे माल एक तर बंदर शाहला जाऊन जहाजावर चढायचा, नाही तर ट्रकमध्ये. त्यात कॅस्पियनची पातळी त्या दशकात घसरत होती, बंदर शाहला पाणी उथळ. म्हणून पहलवी आणि नौशहर या बंदरांवरही भार टाकला.

इंजिनं. अंदीमेश्क ते दोरूदच्या पट्ट्यात देझ नदीच्या घळीत शंभराहून अधिक बोगदे, एकामागोमाग. चढावर मालगाडी ओढणारं वाफेचं इंजिन बोगद्यात शिरलं की धूर आणि वाफ छताला लागून खाली चालकाच्या खोलीत येते. पुढे एक इंजिन आणि मागे दुसरं असलं तर मागच्याची अवस्था आणखी वाईट. बाहेर उन्हाळ्यात पन्नास अंशांच्या आसपास. माणसं बेशुद्ध पडायची. दुसरी गोष्ट पाणी. वाफेच्या इंजिनाला मैलागणिक पाणी लागतं आणि त्या वाळवंटात ते कमी आणि खारं. खाऱ्या पाण्यानं बॉयलरच्या नळ्यांत थर बसतो, इंजिन वारंवार शेडमध्ये. ब्रिटिशांनी आपली आठ चाकी जोडाची मालवाहू इंजिनं तेलावर चालतील अशी करून पाठवली, त्यानं संख्या वाढली पण पाणी आणि धूर तसेच राहिले.

१९४३ च्या सुरुवातीला दक्षिणेकडचा भाग अमेरिकी लष्करी रेल्वेनं हाती घेतला आणि डिझेल आणली. अल्को कंपनीचं आरएस-१ हे चार मोटरींचं इंजिन होतं. इराणचे रूळ तितके जड नव्हते, म्हणून तेच इंजिन सहा मोटरी आणि सहा आसांवर बसवलं. वजन वाटलं गेलं, आसावरचा भार उतरला, ओढ वाढली. त्याला आरएसडी-१ म्हणतात. घाई इतकी की अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांना आधीच दिलेली तेरा इंजिनं सरकारनं परत घेऊन बदलून पाठवली. डिझेलला पाणी जवळजवळ लागत नाही, बोगद्यात माणूस गुदमरत नाही, आणि उतारावर मोटरींनाच ब्रेक म्हणून वापरता येतं. हा शेवटचा फायदा मोठा होता. बऱ्याच जुन्या वाघिणींना हवेचे ब्रेक नव्हते, नुसते हातब्रेक. घाट उतरताना गाडी सुटली की थांबवायला काही नाही.

उत्तरेकडचा भाग रशियन चालवत. तेहरानला गाडी एकाकडून दुसऱ्याकडे जायची.

नुसत्या रेल्वेवर भागलंही नाही. ट्रकचे सुटे भाग पेट्यांत यायचे, ते अंदीमेश्क आणि खुर्रमशहरला जोडायचे, त्यांतच माल भरायचा आणि ट्रक मालासकट रशियाला द्यायचे. असे दीड लाखांहून जास्त ट्रक आणि मोटारी गेल्या. विमानं आबादानला जोडून उडत गेली. पूर्वेला क्वेट्ट्याकडून येणारी लाइन : नोककुंडी ते झाहेदानचे रूळ १९३१ मध्ये उखडले होते, ते युद्धात पुन्हा टाकले आणि तिथून ट्रकनं मशहद. एकूण सुमारे ४२ लाख टन अमेरिकी माल या वाटेनं गेला, रशियाला मिळालेल्या अमेरिकी मालाचा जवळजवळ पाव हिस्सा.

---

तटस्थ_वाचक :

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन उपप्रश्न.

रूळजोड, इतके बोगदे आणि पूल होते तर इराणनं दोन-चार उडवून का दिले नाहीत? चढाईचा हेतूच फसला असता.

आणि ज्या देशातून ४२ लाख टन माल गेला, तिथल्या माणसांच्या वाट्याला काय आलं?

---

घाटवाट :

पहिल्याचं उत्तर मी देतो. उडवणं शक्य होतं. तेहरानच्या उत्तरेचा वेरेस्कचा कमानी पूल दरीपासून ११० मीटर उंच, कमान ६६ मीटरची. तो पडला असता तर युद्धकाळात पुन्हा उभा करणं फार अवघड. देझच्या घळीतले चारसहा बोगदे दोन्ही तोंडांशी पाडले असते तर निदान काही महिने गेले असते.

स्वित्झर्लंडनं नेमकं हेच केलं होतं. गोत्थार्ड आणि सिम्प्लॉनच्या बोगद्यांत सुरुंग भरून ठेवले. जर्मनी-इटलीचा माल त्यातून जायचा, त्यामुळे ‘आलात तर हे मिळणार नाही’ हे शेजाऱ्याला शांततेच्या काळातच कळलं होतं. मोक्याच्या जागेमुळे तटस्थ देशावर संकट येतं, पण ती जागा नष्ट करायची तयारी दिसत असेल तर तीच त्याची ढाल होते. त्यासाठी आधी भोकं पाडून ठेवावी लागतात, दारू जवळच्या कोठारात लागते, आणि जागेवरच्या सुभेदाराला, वर कुणाला न विचारता, वात पेटवायचा अधिकार लागतो. इराणमध्ये यातलं काहीच नव्हतं. शाहची समजूत अशी होती की बोलणी अजून चालू आहेत. चार दिवसांत सुरुंग भरून होत नाहीत. शिवाय ज्या रेल्वेसाठी तेरा वर्षं कर भरला ती उडवायचा हुकूम कुणी दिला असता असंही मला वाटत नाही.

---

करारनामा :

दुसऱ्याचं मी. २९ जानेवारी १९४२ ला ब्रिटन, रशिया आणि इराण यांचा त्रिपक्षीय करार झाला. त्यात ‘हा ताबा नव्हे’ असं लिहून घेतलं आणि युद्ध संपल्यावर सहा महिन्यांत फौजा परत जातील असं कबूल केलं. फरूघींनी फार चिकाटीनं मिळवलेली ही ओळ. पुढे देश वाचला तो तिच्यामुळे, कसा ते शेवटी सांगतो.

पण रोजच्या जगण्यात काय झालं? रेल्वे आणि ट्रक युद्धाच्या मालाला लागल्यावर एका प्रांताचं धान्य दुसऱ्या प्रांतात जाईना. रशियाच्या ताब्यातला इराणचा अझरबैजान प्रांत हा गव्हाचा मुलूख, तिथला गहू तेहरानला येईना. परक्या फौजांना मजुरी आणि खरेदीसाठी रियाल हवे, म्हणून पौंडाचा दर १४० रियालपर्यंत चढवून घेतला आणि नोटा छापत राहिले. भाव कडाडले, साठेबाजी झाली. तेहरानमध्ये सरकारी कोठारातून मिळणारा पाव गव्हापेक्षा भेसळीचाच जास्त, काळा आणि चिकट. ८ डिसेंबर १९४२ ला पावासाठी दंगल झाली, पंतप्रधान कवामांचं घर जाळलं, गोळीबारात माणसं मेली. पाठोपाठ टायफसची, म्हणजे उवांमुळे पसरणाऱ्या तापाची साथ.

त्याच वर्षी रशियातून सुटलेले लाखभराहून अधिक पोलिश सैनिक आणि निर्वासित पहलवी बंदरावर उतरले, हाडांचे सापळे झालेले. स्वतः उपाशी असलेल्या देशानं त्यांना जागा दिली, याची आठवण पोलंडमध्ये अजून ठेवतात. त्यांतलेच सुमारे पाच हजार लोक, मुख्यतः बायका आणि मुलं, अहवाझ-कराची मार्गे १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत आले आणि १९४८ पर्यंत राहिले. वळिवड्याची गोष्ट आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक असते, ते ज्या वाटेनं आले ती वाट याच चढाईमुळे उघडली होती.

आता ती ओळ. सहा महिन्यांची मुदत भरली २ मार्च १९४६ ला. ब्रिटिश आणि अमेरिकी गेले, रशियन राहिले. तबरीझला पिशेवरींचं अझरबैजानी आणि महाबादला काझी मुहम्मदांचं कुर्दी असं वेगळं सरकार त्यांच्याच आश्रयानं उभं राहिलं होतं. जानेवारीतच इराणनं प्रकरण नव्या सुरक्षा परिषदेत नेलं होतं. परिषदेपुढचा हा पहिला मोठा पेच, आणि इराणच्या हातात दाखवायला तारखेसह सही केलेला करार होता. कवामांनी दुसरीकडे मॉस्कोला उत्तरेकडच्या तेलाची सवलत देऊ केली, ‘मजलिसनं, म्हणजे इराणच्या संसदेनं, मान्य केली तर’ या अटीवर. मे १९४६ मध्ये रशियन फौज गेली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मजलिसनं ती सवलत फेटाळली.